डेल्टा-नॉच संकेतन (माशांच्या भ्रूणातील)

माशाच्या भ्रूणात पहिल्या चेतापेशी कोणत्या आणि किती व्हाव्यात हे ठरवणारी जनुकीय यंत्रणा. तिचा मोठा उलगडा झाला तो झेब्राफिश (डॅनिओ रेरिओ) या भारतीय उपखंडातल्या चिमुकल्या माशात. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात त्याची नोंद केली होती. गोंदियाच्या तलावांत वाढवले जाणारे रोहू, कटला, मृगल हेही याच सिप्रिनिफॉर्मिस गणातले.

झेब्राफिशचा भ्रूण पारदर्शक असतो आणि आईच्या शरीराबाहेर वाढतो. त्यामुळे त्यातली घडामोड जिवंतपणी पाहता येते. बीएमपी प्रथिनांना कॉर्डिन या दुसऱ्या प्रथिनाने रोखले की पाठीकडच्या पेशी चेतासंस्थेच्या वाटेला लागतात. फलनानंतर सुमारे १० तासांनी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पट्ट्यांत चेतापेशी घडवणारे न्यूरोजेनिन-१ हे जनुक जागे होते.

मात्र पट्ट्यातली प्रत्येक पेशी चेतापेशी होत नाही. न्यूरोजेनिनमुळे पेशीच्या पृष्ठभागावर डेल्टा प्रथिन येते आणि ते शेजारणीच्या नॉच ग्राहीला चिकटते. नॉचचा आतला तुकडा सुटून केंद्रकात जातो, हर-४सारखी जनुके चालू करतो आणि ती तिथले न्यूरोजेनिन दडपतात. शेजारणीचे डेल्टाही त्यामुळे घटते. सुरुवातीचा किंचित फरक असा वाढत जातो. यालाच पार्श्व निरोधन म्हणतात.

हा लगाम किती मोलाचा, ते ‘माइंड बॉम्ब’ या उत्परिवर्तित माशाने दाखवले. त्यात आरंभीच्या चेतापेशींची झुंबड उडते; पण राखीव पूर्वज पेशी संपून गेल्याने नंतर जन्मणाऱ्या चेतापेशी आणि आधारपेशी तयारच होत नाहीत. म्हणजे या यंत्रणेचे खरे काम पेशी घडवण्याइतकेच त्या राखून ठेवण्याचेही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील अजय चिटणीस, मोतोयुकी इतोह आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की या माशात बिघडलेल्या माइंड बॉम्ब जनुकाचे प्रथिन हे युबिक्विटिन लायगेज विकर आहे. ते डेल्टाला पेशीच्या आत ओढून घ्यायला लावते आणि त्याविना नॉचला पुरेसा संकेत मिळत नाही. बिघाड संकेत देणाऱ्या पेशीत असूनही चूक दिसते ती शेजारणीत.

महाराष्ट्रात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हृदयाच्या, तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्वचेच्या अभ्यासासाठी झेब्राफिश वापरला जातो. पेशी राखण्याचे नॉचचे काम भ्रूणापुरतेच नाही: प्रौढ झेब्राफिशच्या मेंदूतही नॉच मूलपेशींना सुप्त ठेवतो.