हजेरीतलं नाव

पुढचा काही वेळ तुम्ही सोळा वर्षांचे आहात. त्या वयात कोणी अहो-जाहो करत नाही, म्हणून मी तुम्हाला अरे-तुरे करणार आहे. शिवाय मराठीत ‘तू’ म्हटलं की क्रियापद लगेच कान टवकारतं: मुलगा की मुलगी? तेव्हा आधी मुलगा व्हा, मग मुलगी. कबूल?

तर तुझ्या हातात एक कागद आहे. वर ‘नाव’ असा रकाना आणि खाली एकच प्रश्न: एकंदर आयुष्याबद्दल तू किती समाधानी आहेस? ० ते १०. ओईसीडीच्या ‘पिसा’ पाहणीत २०१५ साली देशोदेशीच्या पंधरा वर्षांच्या मुलांना हा प्रश्न विचारला होता. ओईसीडी देशांची सरासरी आली ७.३, जपानची ६.८, दक्षिण कोरियाची ६.४. कोरियाच्या खाली एकटा तुर्कस्तान. मग कारणं सांगितली गेली: रात्री उशिरापर्यंतचे क्लास, अपुरी झोप, आईबापांच्या अपेक्षा, परीक्षेची धास्ती. सगळी खरी. ज्याने लातूर पाहिलंय त्याला त्यात नवल काही नाही. मला मात्र आकड्यापेक्षा वरचा रकाना छळतो. जपानमध्ये जन्मलेल्या, तिथेच शिकणाऱ्या कोरियन पोराने त्यात काय लिहायचं? कागद खिशात घाल. पेन्सिल घे. चल.

१९७३. ओसाका, इकुनो वॉर्ड. तू मुलगा आहेस.

गल्ली आधी नाकाला कळते. दोन्ही बाजूंच्या घरांत चपलांचे तळ चिकटवायचं काम चालू आहे आणि रबर सोल्युशनचा वास असा, की आपल्याकडच्या पंक्चरवाल्याच्या टपरीत शिरल्यासारखं वाटावं. त्यात लसूण आणि लाल मिरचीत मुरलेल्या कोबीचा, म्हणजे किमचीचा, वास मिसळलेला. या वस्तीला इकाइनो म्हणत. ‘म्हणत’, कारण याच फेब्रुवारीत पत्त्यांची फेररचना झाली आणि ते नाव नकाशावरून गेलं. तुझे आजोबा १९२०च्या दशकात जेजू बेटावरून बोटीने आले. तू जन्मलास इथेच. तरी चौदा पूर्ण झाल्यावर तुला वॉर्ड ऑफिसात जावं लागलं. तिथे डाव्या हाताची तर्जनी शाईत माखून कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवली. परकीयांची नोंदणी. कारकूनबाई अदबीने वागल्या, बोट पुसायला कागदही दिला.

तू शाळेत जातोस ती जपानी मुलांबरोबर. बहुतेक कोरियन मुलं तशीच जातात. हजेरी सुरू होते. ‘कानेदा!’ तू ओरडतोस, ‘हाय!’ जपानीत हाय म्हणजे हो, आपल्या गावाकडे हाय म्हणजे आहे. दोन्ही अर्थांनी तुझं उत्तर अर्धंच खरं, कारण घरी तू किम आहेस. किम या अक्षराचा अर्थ सोनं. त्याला शेताचं अक्षर जोडलं की जपानी वाचन होतं कानेदा. सोनं तेच, शेतात पुरून ठेवलेलं. १९४० साली कोरियावरच्या जपानी राजवटीने कोरियन लोकांना जपानी धाटणीची नावं घ्यायला लावली. राजवट १९४५मध्ये गेली, पण जपानमध्ये राहिलेल्यांकडे ती नावं राहिली. नोकरीसाठी, भाड्याच्या खोलीसाठी, शाळेसाठी. त्सूमेई म्हणतात त्याला, व्यवहाराचं नाव.

मराठी घरात दोन नावं काही नवी नाहीत. दाखल्यावर चंद्रशेखर, घरात बंड्या. पण वर्गात कोणी बंड्या म्हटलं तर तो फार तर लाजेल. तुझं तसं नाही. त्यापेक्षा दुसरं उदाहरण जवळचं आहे. खोली बघायला गेल्यावर घरमालक गोड आवाजात ‘पूर्ण नाव काय तुमचं?’ असं का विचारतो, हे ज्याला सोसून माहीत आहे त्याला कानेदा समजावून सांगावा लागत नाही.

जेवणाची सुट्टी. तू डब्याचं झाकण डाव्या हाताने उभं धरून जेवतोस, परीक्षेत उत्तरपत्रिका झाकावी तसं. आज आईने किमची दिलेलीच नाही, साधं अंड्याचं ऑम्लेट आहे. तरी झाकण उभंच. मागच्या बाकावरचा मित्र आतापर्यंत तीनदा म्हणाला, तुझ्या घरी येतो, रेकॉर्ड ऐकू. तीनही वेळा तू आजीला आजारी पाडलंस. आजी ठणठणीत आहे, घरी चपला चिकटवते आहे. अडचण एवढीच की तिने ‘ये बाळ’ म्हटलं की जेजूचा हेल लपत नाही. बरं, हा मित्र वाईट आहे का? मुळीच नाही. कदाचित त्याला काहीच वाटणार नाही. पण ते कळायला आधी सांगावं लागेल, आणि सांगून झालं की परत घेता येत नाही.

वर्तमानपत्रात एका खटल्याचं छापून येतंय. पाक जोंग-सोक नावाच्या तरुणाने १९७०मध्ये व्यवहाराच्या जपानी नावाने हिताचीची परीक्षा दिली आणि तो पास झाला. कुटुंबनोंदीचा दाखला मागितला तेव्हा त्याने सांगितलं की मी कोरियन आहे, आणि नोकरी गेली. तुझे वडील ती बातमी मोठ्याने वाचतात आणि म्हणतात, ‘कशाला शिकायचं?’ पुढच्या वर्षी जूनमध्ये योकोहामाचं कोर्ट त्याच्या बाजूने निकाल देणार आहे. मला ठाऊक आहे, तुला नाही. अभ्यासाची गोडी आणि उद्याची आशा यांचा संबंध मानसशास्त्राच्या पुस्तकात सापडतो, पण तो तुझ्या घरात त्या एका वाक्याने ठरून गेला.

ओसाकातले काही शिक्षक या काळात नवा आग्रह धरू लागलेत: कोरियन मुलांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारा. तुझ्या सरांनी काल जिन्यात थांबवून विचारलं, ‘उद्यापासून किम म्हणू का?’ माणूस भला आहे. तुझ्या मात्र पोटात गोळा आला. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पुढे मांडणी करतील की माणसाला तीन गोष्टी लागतात: आपला निर्णय आपण घेणं, आपल्याला जमतंय ही खात्री, आणि कोणीतरी आपलं असणं. सर तिसरी गोष्ट द्यायला आले होते आणि पहिलीवर त्यांचा पाय पडला. नाव लपवायचं तुझ्यावर लादलं गेलं होतं. आता उघड करायचंही दुसराच ठरवणार?

कागद काढ. नाव: कानेदा. आकडा: ८. सरांच्या हातात जाणाऱ्या कागदावर शहाणी मुलं ८च लिहितात.

जरा मागे जाऊ, पण तिथे फार थांबायचं नाही. २६ एप्रिल १९४८, ओसाका प्रांताच्या कचेरीसमोर. युद्ध संपल्यावर कोरियन लोकांनी आपल्या मुलांसाठी, आपल्या भाषेत, स्वतः शाळा उभ्या केल्या होत्या. जानेवारीत शिक्षण मंत्रालयाचा हुकूम आला की मुलांनी जपानी कायद्याखालच्या शाळांतच जावं. दोन दिवसांपूर्वी कोबेत जमावाने गव्हर्नरला बंदीचा आदेश मागे घ्यायला लावला आणि त्याच रात्री अमेरिकी लष्कराने तिथे आणीबाणी पुकारली. इथे ओसाकात पोलिसांनी गोळ्या झाडल्या. किम ते-इल गेला. सोळा वर्षांचा. वय तुझं, आडनावही तुझंच. कागद खिशातच राहू दे.

१९९४. तोक्यो, जुजो स्टेशन. आता तू मुलगी आहेस.

अंगात कोरियन गणवेश: वर पांढरा आखूड चोगोरी, खाली गडद निळा घेरदार चिमा, आणि छातीशी एकाच कानाची गाठ. ती गाठ नीट बसायला शिकताना तुझे दोन दिवस गेले होते. तू कोरियन शाळेत जातेस, तोक्योच्या चोसेन हायस्कूलमध्ये. तिथे सगळे तिला उरी हाक्क्यो म्हणतात. उरी म्हणजे आपली, आणि आमचीसुद्धा. मराठीने यासाठी दोन शब्द ठेवलेत: ऐकणारा आत असेल तर आपली, बाहेर असेल तर आमची. गाडीतल्या माणसांशी बोलताना यातला कोणता शब्द घ्यायचा, हा प्रश्न कोरियन भाषा तुला विचारतच नाही. गाडी विचारते.

या एप्रिलपासून एक चांगली गोष्ट झाली. जेआर रेल्वेचा पास तुम्हालाही इतर विद्यार्थ्यांच्याच दरात मिळू लागला. पास तू कौतुकाने प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलायस. आणि याच वसंतात उत्तर कोरियाच्या अणुकार्यक्रमाच्या बातम्या तापल्या. उन्हाळा संपेपर्यंत कोरियन शाळांच्या मुलांना धमकावल्याच्या, मारल्याच्या, मुलींचे कपडे कापल्याच्या शंभराहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. म्हणजे स्वस्त पास काढून तू जिच्यात चढलीस, त्याच गाडीत.

तुला कळलंसुद्धा नाही. फलाटावर उतरल्यावर मागून मैत्रीण म्हणाली, ‘हलू नकोस.’ चिम्याच्या मागच्या घड्या वीतभर चिरलेल्या. ब्लेड असावं, कापड उसवलेलं नव्हतं, सरळ कापलेलं होतं. ती स्वतःची बॅग तुझ्या पाठीशी धरून चालली, शाळेच्या फाटकापर्यंत, अगदी तुझ्या पावलात पाऊल टाकून.

वर्गात भिंतीवर प्योंगयांगच्या नेत्यांच्या तसबिरी आहेत. शाळेला तिथून पैसा येतो, हेही खरं. त्या तसबिरींबद्दल तुला स्वतःला काय वाटतं हे कोणी विचारलेलं नाही, ना शाळेत, ना गाडीत. पण याच वर्गात हजेरीला तुझं एकच नाव आहे. पुकारलं की मान वर जाते, इकडेतिकडे बघावं लागत नाही. मधल्या सुट्टीत चौघी मिळून चिमा शिवायला बसता. एकीने घातलेले टाके इतके वाकडे, की तिला शिवणाच्या बाईंची शपथ घालून थांबवावं लागतं. तुम्ही हसत सुटता, हसता हसता एक रडायला लागते, आणि कोण का रडतंय हे कोणी विचारत नाही. संध्याकाळी आई म्हणेल, उद्यापासून ट्रॅकसूट घालून जा, शाळेत गेल्यावर बदल. पाच वर्षांनी हा नियमच होईल: येण्याजाण्याचा ब्लेझर वेगळा, शाळेतला चिमाचोगोरी वेगळा. इकुनोतल्या त्या पोराला दोन नावं होती, तुला दोन गणवेश.

नावाच्या रकान्यात तू कोरियन लिपीत ठसठशीत लिहितेस. आकडा ९. खोडत नाहीस, त्याच्या शेजारी ३ लिहितेस. पाहणी करणारा हा कागद बाद करील. करू दे.

२०१०मध्ये गाडीचा वेग कमी करत नाही, खिडकीतूनच बघ. जपान सरकार हायस्कूलच्या मुलांची वर्षाची १,१८,८०० येन फी स्वतः उचलू लागतं, दुसऱ्या परदेशी शाळांतल्या मुलांनाही त्याचा लाभ मिळतो. चोसेन शाळांचा निर्णय लटकतो आणि २०१३मध्ये त्या बाहेर राहतात. कारण राजकारण. तोट्यात सोळा वर्षांची पोरं.

२३ ऑगस्ट २०२४. कोशिएन, हायस्कूल बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचं मैदान. तू मुलगीच आहेस, पण यावेळी जपानी.

क्योतो इंटरनॅशनल ही शाळा १९४७मध्ये कोरियन मुलांसाठी निघाली. २००४पासून ती जपानी मान्यतेची शाळा आहे. आता जेमतेम दीडशे-एकशेसाठ मुलं, त्यांतली बरीच जपानी. मुलगे बेसबॉलसाठी येतात, मुली कोरियन गाण्यांच्या वेडापायी. तू त्यांतलीच. पहिल्या आठवड्यात बाईंनी तुझं जपानी आडनाव हंगुल लिपीत फळ्यावर लिहिलं आणि तसंच पुकारलं. तुला ते खूप आवडलं, तू वहीच्या सगळ्या कव्हरांवर गिरवलंस. कानेदाचं नेमकं उलट. फरक इतकाच की तुला हे कोणी करायला लावलं नव्हतं.

१९९९मध्ये या शाळेचा संघ पहिलाच सामना ०-३४ने हरला होता. तेव्हा समोरच्या संघातून खेळलेला एक पोरगा, कोमाकी नोरित्सुगु, आज तुमचा प्रशिक्षक आहे. आजच्या अंतिम सामन्यात नऊ डाव ०-०. दहाव्यात तुम्ही दोन, त्यांनी एक. संपलं. क्योतोकडे उन्हाळी विजेतेपद ६८ वर्षांनी आलं. मग रिवाजाप्रमाणे विजेत्या शाळेचं गीत लागतं, आणि ते कोरियन आहे. त्याच्या सुरुवातीलाच त्या समुद्राचं नाव येतं, ज्याचं नाव काय असावं यावर दोन देश भांडतात. मातीने माखलेली जपानी पोरं रांगेत उभी राहून, कंबरेत मागे झुकून, घसा फुटेस्तोवर ते गातात. तूही गातेस.

बसमध्ये फोन उघडतेस. अभिनंदनं, आणि त्यांच्या मध्ये मध्ये विखार: या शाळेला हाकला, हे गाणं बंद करा. ज्यांच्यासाठी तो लिहिलाय त्यांच्यातली तू नाहीस, तरी छातीत काहीतरी टोचतं. कागद शोधतेस. उन्हात त्याची घडी घालून तू वारा घेत होतीस. नाव वाचता येतंय, आकड्याच्या जागी घामाचा डाग. शेजारची मैत्रीण अर्धवट झोपेत शाळेचं गीत पुटपुटतेय, एक शब्द चुकीचा. तू कोपराने ढोसून तिचा उच्चार दुरुस्त करतेस आणि फोन मांडीवर पालथा ठेवतेस.