पवनेतील जलपर्णी आणि लोकश्रम

सह्याद्रीत उगम पावणारी पवना पिंपरी-चिंचवडमधून वाहत जाऊन दापोडीजवळ मुळेस मिळते. चिंचवडला तिच्या काठी मोरया गोसावींची समाधी असल्याने हा काठ भाविकांस पूर्वापार पवित्र आहे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर कारखाने व वस्ती वाढली आणि सांडपाण्याचा भार नदीवर पडला.

२०१७ मध्ये वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबच्या पुढाकाराने नागरिकांनी पवनेतील जलपर्णी उपसण्याचे अभियान आरंभिले. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर पोसते आणि अनुकूल स्थितीत सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणूनच उपसलेली जलपर्णी पुन्हा फोफावते. तथापि, एवढ्यावरून हा लोकश्रम व्यर्थ ठरविणे उचित नव्हे.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने नदीच्या शुद्धतेचे उत्तरदायित्व शासनयंत्रणेवर सोपविले. ते पुरतेपणी पार पडले नाही, याची साक्ष स्वयंसेवकांना पुनःपुन्हा करावे लागणारे श्रमच देतात. लोकश्रम हा शुद्धीकरण केंद्राचा पर्याय नव्हे. इतिहासाच्या दृष्टीने त्याचे मोल काठावर साचलेल्या राशींत नसून, जलपर्णी पुन्हा का उगवते, हा प्रश्न त्याने लोकांपुढे ठेवला, यात आहे.