उंदरांचे दप्तर

१८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवीच्या दाट वस्तीत व्यवसाय करणारे गोमंतकीय डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी आपल्या रोग्याचा गाठीचा ताप हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असल्याचे निदान केले, तेव्हा एवढी भयंकर गोष्ट एका खाजगी डॉक्टराच्या शब्दावर मान्य करणे सरकारला प्रशस्त वाटले नाही, आणि खातरजमेसाठी ज्यांना पाचारण झाले त्यांत कलकत्त्याहून आलेले वाल्डेमार हाफकिन हे एक होते. या रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगच्या साथीत येर्सीं आणि कितासातो यांनी हुडकून काढला होता, त्यामुळे रोग कोणता याचे उत्तर आता सूक्ष्मदर्शक देऊ शकत होता. तो पसरतो कसा, हे मात्र अद्याप कोणी सिद्ध करून दाखविलेले नव्हते, आणि उत्तर हाती येईपर्यंत थांबण्याइतकी सबुरी सरकारी हुकमाच्या अंगी क्वचितच असते.

हाफकिन हे ओडेसा येथे १८६० साली जन्मलेले ज्यू गृहस्थ, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीवरील लस सिद्ध करून हिंदुस्थानात आलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक बोळ, आणि मदतीस एक कारकून व तीन शिपाई एवढाच लवाजमा मिळाला. हिंदू आणि मुसलमान या दोहोंपैकी कोणाचाही धर्म आड येऊ नये म्हणून त्यांनी जंतूंच्या पोषणासाठी बोकडाच्या मांसाचा रस घेतला. त्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडले की प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या अंगाने लोंबते वाढत. ते वेळोवेळी हलवून तळाशी पाडावयाचे, पुन्हा वाढू द्यावयाचे, आणि काही आठवड्यांनी उष्णतेने निर्जीव करावयाचे, अशी ही कृती होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा जे कैदी राजी झाले त्यांना ती दिली. टोचलेल्यांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी भरले. बंदिवानाची राजीखुशी ही कितपत राजीखुशी मानावी, हा प्रश्न त्या वेळी कोणास फारसा पडलेला दिसत नाही.

याच सुमारास सरकारने साथरोगांचा कायदा मंजूर केला, आणि त्याच्या आधारे पुण्यात रँडसाहेबांच्या अंमलाखाली गोरे सोल्जर घराघरांतून शिरू लागले. रोगी इस्पितळात, आप्त छावणीत, सामानसुमान रस्त्यावर, असा तो खाक्या होता. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली, ते महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. त्या जुलमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामागील अज्ञानाविषयी त्या मानाने थोडे. रोग माणसाच्या अंगाला व वस्त्रप्रावरणांना चिकटून फिरतो या समजुतीवर तो सारा बंदोबस्त उभा होता, आणि ती समजूत पारखून पाहणारे दप्तर सरकारपाशी नव्हते.

ते दप्तर पुढे परळला उभे राहिले. तेथील जुना राजवाडा हा मूळचा पोर्तुगीज अमदानीतील ख्रिस्ती मठ. पुढे तो मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान झाला, आणि १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तेथेच पटकीने वारल्यावर गव्हर्नरांनी आपला मुक्काम मलबार पॉइंटला हलविला. एका साथीने रिकामा केलेला हा इमला दुसऱ्या साथीच्या संशोधनास मिळाला, आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तेथे प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन केले. येथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

१९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल या गावी त्यांतील एका बाटलीतून लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. बाटली परळलाच दूषित झाली असा ठपका चौकशी कमिशनने ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो रीतसर निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्समधून हे प्रकरण चव्हाट्यावर आणले, तेव्हा कोठे हाफकिन यांच्यावरील बालंट टळले. ते हिंदुस्थानात परतले खरे, पण परळला नव्हे, कलकत्त्याला.

परंतु परळची खरी थोरवी मला लशीपेक्षा दुसऱ्याच एका कामात दिसते, आणि ते काम इतके कंटाळवाणे होते की त्याची कथा सहसा कोणी सांगत नाही. रोग उंदरावरून माणसावर पिसवा आणतात, असे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले होते, पण त्यांच्यावर विश्वास ठेवण्यास विद्वान राजी नव्हते. १९०५ पासून परळला बसलेल्या प्लेग कमिशनने, आणि तेथील ग्लेन लिस्टन यांनी, हा वाद तपशिलाने मिटविला. मुद्दाम बांधलेल्या खोपटांत गिनीपिग ठेवण्यात आले. जे जमिनीवर होते ते मेले, आणि ज्यांचे पिंजरे पिसूच्या उडीपलीकडे, दोन फूट उंच टांगले होते, ते त्याच हवेत श्वास घेऊन जगले. त्याच वेळी शहरातील पेठापेठांतून मेलेले आणि पकडलेले उंदीर, कोणत्या गल्लीतून आले याच्या नोंदीसह, रोज परळला येत, फाडले जात, तपासले जात आणि वहीत चढत. वर्षभरात असे लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले, आणि त्या वह्यांतून जे उमटले ते कोणत्याही हुकमाने कळले नसते: साथ प्रथम गटारातील तपकिरी उंदरांत उसळते, सुमारे दहा दिवसांनी घरातील काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर पुन्हा दहा ते चौदा दिवसांनी माणसांत.

उंदीर पडू लागले की घर सोडावे आणि गावाबाहेर झोपडी घालून राहावे, हे आमच्या खेड्यांतील माणसांना अनुभवाने ठाऊक होते, आणि पुष्कळ गावे त्याप्रमाणे रानात जाऊन वाचली. परळने त्या शहाणपणाला कार्यकारण दिले आणि दिवसांचा हिशेब दिला. छावणीतल्या माणसापेक्षा गल्लीतला मेलेला उंदीर अधिक बातमी सांगतो, हे १८९७ साली ठाऊक असते तर पुण्याच्या वाट्याला काय आले असते याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

१९२५ साली प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळाले. तोवर लशीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा मुंबईहून रवाना झाल्या होत्या. १९३२ साली साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले हिंदी संचालक झाले. प्लेग मात्र ओसरत गेला, १९६६ नंतर देशात त्याचा रोगी आढळेनासा झाला, आणि जो रोगच नाही त्याचे उंदीर मोजणे कोणत्याही खात्याला खर्चिक वाटू लागते. १९९४ च्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला या गावात उंदीर पडू लागल्याची बातमी आली ती गावकऱ्यांकडून. पुढच्याच महिन्यात साथीच्या धास्तीने सुरतेहून लाखो माणसे गाड्या भरभरून निघाली, आणि तो रोग खरोखर प्लेगच होता काय, याविषयी प्रयोगशाळांतील वाद त्यानंतरही चालूच राहिला.