प्रेताचा लिलाव : ‘जाने भी दो यारों’मधील द्यूतसभा

कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारों’ (१९८३) या चित्रपटाची गणना आपल्याकडे बहुधा धमाल प्रहसनांत केली जाते. ही गणना त्याच्या गाभ्यातील क्रौर्याकडे पाठ फिरविते. सिमेंट-वाटपाच्या प्रकरणावरून जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते. त्यानंतर दीडएक वर्षात, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या पैशावर उभा राहिलेला हा चित्रपट पडद्यावर आला. (पुढे शासनानेच त्याला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार दिला, हेही त्याच्या आशयाशी सुसंगतच.) बिल्डर, पालिका आयुक्त आणि वृत्तपत्र यांचे साटेलोटे मुंबईकराला नवे नव्हते. नवे होते ते प्रेक्षकाला नैतिक संतापाची सोय नाकारणे. तर्नेजा व आहुजा लोभी आहेतच. पण ‘खबरदार’ची संपादिका शोभाही पुराव्याची छायाचित्रे सौद्यासाठीच वापरू पाहते. भक्ती बर्वे यांना ‘ती फुलराणी’त पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हा थंड व्यवहारीपणा अधिकच बोचला असावा. खुनाचा सुगावा लागतो तोही दोघा छायाचित्रकारांनी बक्षिसाच्या आशेने टिपलेल्या चित्रातून. अँतोनिओनीच्या ‘ब्लो-अप’शी (१९६६) असलेले नाते येथे उघड आहे. मात्र तेथे प्रेत नाहीसे होते आणि वास्तवच संशयास्पद ठरते. येथे प्रेत हाती असूनही काहीच सिद्ध होत नाही.

महाभारताच्या प्रवेशाची चर्चा पुष्कळ झाली, ती मुख्यतः त्यातील गोंधळाच्या अंगाने. आयुक्त डिमेलोचे प्रेत द्रौपदीच्या वेशात रंगमंचावर उभे केले जाते आणि सारे त्यासाठी झोंबतात. व्यासांच्या द्यूतसभेत द्रौपदी पणाला लागलेली वस्तू असते. परंतु ती सभेला प्रश्न विचारते, आणि त्या प्रश्नापुढे भीष्मही अडखळतो. चित्रपटातली द्रौपदी प्रश्न विचारू शकत नाही. जिवंतपणी जिच्या सहीला भाव होता, तिच्या देहाला आता भाव आला आहे, एवढाच फरक. वस्त्रहरण थांबविण्याची खटपट दुर्योधनालाच करावी लागते, कारण वस्त्र फिटले तर पुरावाही उघडा पडेल! विडंबनाची ही उलटापालट केवळ हशासाठी नाही. वस्तूकरणाची प्रक्रिया प्रश्नकर्तीच्या मृत्यूपर्यंत पोहोचल्याचे ती दाखविते.

शेवटी सर्व प्रतिस्पर्धी एकमेकांशी समझोता करतात आणि कोसळलेल्या पुलाचे खापर त्या दोघा छायाचित्रकारांवर फुटते. सामूहिक आशेचे ते परिचित गीत वाजत असताना कैद्यांच्या वेशातले दोघे रस्त्यावरून चालत येतात, थांबतात, आणि कॅमेऱ्याकडे पाहून गळा चिरल्याची खूण करतात.