एकट्याची भिन्नमतपत्रिका



सभेत सर्वांनी माना डोलावल्या असता एखादाच उठून ‘माझे मत निराळे आहे’ असे म्हणू लागला, तर तो मनुष्य आपल्याला हेकट वाटतो. परंतु सभा उठून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी इतिहास त्या मताची पुन्हा चौकशी करतो. अशाच एका मताची हकीकत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

साल १९५५. पहिली पंचवार्षिक योजना संपत आली होती. पाऊसपाणी बरे झाले होते, धान्य उतरले होते आणि राज्यकर्त्यांचा आत्मविश्वास वाढला होता. प्रा. महालनोबिस यांनी दुसऱ्या योजनेचा आराखडा केला. त्यात पोलाद आणि यंत्रे यांसारख्या अवजड उद्योगांवर भर होता, आणि त्यांतील बराचसा भार सरकारने उचलावयाचा होता. यावर विचार करण्यासाठी अर्थशास्त्रज्ञांचे एक मंडळ बसले. अध्यक्ष अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. सभासदांत आपले धनंजयराव गाडगीळ. मंडळाने आराखड्याला अनुकूल निवेदन दिले. अहमदाबादचे प्रा. बी. आर. शेणॉय यांनी तेवढी त्याला भिन्नमतपत्रिका जोडली.

त्यांचे म्हणणे काय होते? आपल्या घरगुती भाषेत सांगावयाचे तर, अंथरूण पाहून पाय पसरावे. देशाची गुंतवणूक देशाच्या खऱ्या बचतीपलीकडे ताणता येत नाही. पुढे मंजूर झालेल्या योजनेत सरकारी खर्च ४,८०० कोटी रुपयांचा होता, आणि त्यांतील १,२०० कोटी, म्हणजे चौथा हिस्सा, तुटीच्या अर्थभरण्यातून उभा करावयाचा होता. तुटीचा अर्थभरणा म्हणजे बव्हंशी नवे चलन. नोटा वाढल्याने ज्वारी वाढत नाही, की सिमेंट वाढत नाही. वाढतात ते भाव. भाववाढ हा कोणत्याही कायदेमंडळाने मंजूर न केलेला कर असून तो कारकून, मजूर आणि पेन्शनर यांच्याकडून वसूल होतो. मग भाव दाबण्यासाठी नियंत्रणे येतात. आणि अशी नियंत्रणे स्वतंत्र समाजाला मानवणारी नव्हेत, असे शेणॉयांचे मत होते.

प्रतिपक्षाचेही उत्तर पोकळ नव्हते. अंथरूणच तोकडे आहे, ते मोठे करावयाचे तर आधी माग हवा, असे ते म्हणत. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाने केवळ खाजगी भांडवलाची वाट पाहत बसावे काय? भिलाई, रुरकेला, दुर्गापूर येथील पोलादाचे कारखाने याच विचारातून उभे राहिले.

पण हिशेब लवकरच अंगावर आला. १९५६ साली चलनविषयक कायदा बदलून रिझर्व्ह बँकेने नोटांच्या पाठीशी सोने व परकीय रोखे मिळून किमान ५१५ कोटींची गंगाजळी ठेवावी, असे ठरले. वर्षभरात परकीय चलन इतके आटले, की १९५७ साली कायदा पुन्हा बदलून ती मर्यादा २०० कोटींवर आणावी लागली. विहीर आटली म्हणून पोहरा लहान केला! ऑगस्ट १९५८ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने धनको राष्ट्रे वॉशिंग्टनला भारताच्या मदतीसाठी जमली. आयातीवर कडक परवाने आले. ज्याला परवाना मिळाला, त्याला डॉलर सरकारी दराने ४ रुपये ७६ पैशांना पडे. माल मात्र टंचाईच्या भावाने विकता येई. मधला नफा कष्टाचा नव्हता, कागदाचा होता. अखेर ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर साडेसात रुपये झाला आणि पुढील तीन वर्षे पंचवार्षिक योजनाच थांबली.

याचे सारे खापर तुटीच्या अर्थभरण्यावर फोडणे न्यायाचे होणार नाही. १९६२ व १९६५ ची युद्धे आणि १९६५-६६ चा दुष्काळ यांनीही कंबर मोडली. तरीही ज्या मार्गाने संकट येईल असे शेणॉयांनी सांगितले होते, त्याच मार्गाने ते बरेचसे आले, हे नाकारता येत नाही. परवान्यांचा तो पसारा मोठ्या प्रमाणावर आवरला गेला तो १९९१ साली. शेणॉय त्यापूर्वीच, १९७८ मध्ये, निवर्तले होते.

येथे न्यायमूर्ती रानड्यांची आठवण होते. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी सांगितले, की इंग्लंडात घडलेला खुल्या व्यापाराचा सिद्धांत हिंदुस्थानला जसाच्या तसा लागू पडत नाही. वरकरणी रानडे आणि शेणॉय दोन टोकांना उभे दिसतात. एक राज्यसत्तेचे साहाय्य मागतो, दुसरा तिचा हात आखडावयास सांगतो. परंतु दोघांनीही आपापल्या काळातील सर्वमान्य मत देशाच्या प्रत्यक्ष स्थितीवर घासून पाहिले. बाजार हा देव नव्हे, सरकार हाही नव्हे.

यापुढे कोणत्याही पक्षाचे सरकार मोठी योजना घेऊन आपल्यापुढे येईल, तेव्हा आपण नागरिकांनी दोन प्रश्न विचारावेत: याचा पैसा कोठून येणार, आणि यावर भिन्नमत कोणी नोंदविले आहे काय? दुसऱ्या प्रश्नाला ‘कोणीच नाही’ असे उत्तर आले, तर पहिला प्रश्न पुन्हा एकदा, जरा मोठ्याने विचारावा.