सकाळी सहाची गाय

१९९४ साली माझ्या थोरल्या आपाच्या गळ्यातली गाठ थायरॉईडच्या कॅन्सरची निघाली. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडायचा होता. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, आता मुंबईला जाऊन आयोडीन घ्यावं लागेल. अम्मीला वाटलं, जखमेवर लावतात तेच. एवढ्यासाठी मुंबई कशाला?

सुरतमार्गे मुंबई गाठली. तिथं एका माणसानं शिशाच्या जाड भांड्यातून इवलीशी कुपी काढली, आपाला नळीनं औषध प्यायला लावलं आणि तो दारापर्यंत मागे सरला. तिथूनच बोलत राहिला. ‘‘ताई, घाबरू नका. पाणी भरपूर प्या. घरी गेल्यावर काही दिवस लेकरांना जवळ घेऊ नका.’’ आपाच्या फाइलमध्ये डॉक्टरांची नावं आहेत. या माणसाचं नाव नाही. तो न्यूक्लिअर मेडिसिनचा तंत्रज्ञ होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

ही विद्या आपल्याकडे कशी आली, ते थोडक्यात सांगतो. बोस्टनमध्ये डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली थायरॉईडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिलं. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं होतं. पुढं ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. १९६२ मध्ये टाटा रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आलं आणि १९६३ मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. भट्टी ट्रॉम्बेला, रुग्ण परळला. हे जवळ असणं महत्त्वाचं होतं, कारण हे औषध वाट पाहत नाही. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. या केंद्राच्या इतिहासात डॉ. रमणिक गणात्रांचं नाव आदरानं घेतात, ते योग्यच आहे. याच केंद्रानं डॉक्टरांना शिकवलं, तसं तंत्रज्ञांनाही पदविका देऊन तयार केलं. देशभरच्या कितीतरी विभागांत इथं शिकलेले हात आहेत.

आता त्या हातांचं काम पाहा. तपासणीसाठी सर्वांत जास्त वापरतात ते टेक्नेशियम. हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीतल्या पालेर्मोत सेग्रे आणि पेरिए यांना सापडलं. तपासणीला लागणारा त्याचा प्रकार सहा तासांत निम्मा होतो, चोवीस तासांत सोळावा हिस्साच उरतो. मग साठवणार कसं? म्हणून त्याची आई आणून ठेवतात. ती म्हणजे मोलिब्डेनम-९९. ते सहासष्ट तासांनी निम्मं होतं आणि त्यातून टेक्नेशियम निपजत राहतं. तंत्रज्ञ पहाटे येऊन त्यातून सलाइन फिरवतो आणि दिवसभराचं औषध काढतो. या यंत्राला जगभर ‘गाय’ म्हणतात आणि कामाला ‘दूध काढणं’. कवी म्हणून मला ही उपमा सुचली असती, तर मी खूश झालो असतो. ती सुचली प्रयोगशाळेतल्या माणसांना.

आपल्याकडची गाय मात्र वेगळी होती. आपल्या भट्टीत तयार होणाऱ्या मोलिब्डेनमला तो सलाइनचा सोपा मार्ग मानवत नसे. म्हणून त्याच्या द्रावणात मिथाइल इथाइल कीटोन नावाचं द्रावक घालून ढवळायचं, वरचा थर अलगद वेगळा करायचा, द्रावक उडवून द्यायचं आणि खाली उरलेलं सलाइनमध्ये विरघळवायचं. म्हणजे दूध काढून वर ताक घुसळून लोणी काढण्याचाच प्रकार. हे सगळं शिशाच्या विटांआडून आणि झटपट, कारण जितका वेळ जवळ राहाल तितके किरण अंगावर. कितीतरी वर्षं आपल्या रुग्णालयांतल्या माणसांनी अशी सकाळ सुरू केली.

अशा माणसांना संघटना कशाला हवी, असं कुणी विचारेल. एका विभागात दोन-तीनच तंत्रज्ञ असतात. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक असे ते विखुरलेले. एक रजेवर गेला की दुसऱ्याला सुट्टी नाही, गाय थांबत नाही. छातीवर एक बॅज असतो. तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि अंगावर किती किरण आले ते सांगतो. आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० आहे. तंत्रज्ञ बाईला दिवस गेले, तर पोटातल्या बाळासाठी पुढच्या काळात फक्त १. आता सांगा, तीन माणसांच्या विभागात ती बाई हे साहेबांना कधी आणि कसं सांगणार? तिच्या जागी पहाटे कोण येणार? हा प्रश्न एकटीनं सुटत नाही. चार शहरांतल्या विभागांनी मिळून सोडवावा लागतो.

अमेरिकेत न्यूक्लिअर मेडिसिनची सोसायटी १९५४ साली झाली, पण तंत्रज्ञांचा वेगळा विभाग व्हायला १९७० उजाडलं. सोळा वर्षं! आपल्याकडेही अखिल भारतीय सोसायटी १९६०च्या दशकातच निघाली. डॉक्टर आणि तंत्रज्ञ एका छपराखाली असावेत हे मलाही पटतं, पण पंगतीत वाढपी शेवटी बसतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. २०२१ साली संसदेनं संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला, त्याच्या अनुसूचीत न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञ हे नाव आलं. राज्य परिषद, नोंदणी, शिक्षणाचा दर्जा यांची तरतूद झाली. कायद्यात नाव आलं हे मोठं आहे, पण परिषदेच्या टेबलावर बोलायला आपला माणूस पाठवावा लागतो.

असा माणूस होणं सोपं नाही. आमच्या गावातल्या कविमंडळाची बैठक मी बरीच वर्षं बोलावली आहे. सहा जण येणार म्हणून कळवतात, दोघे येतात, त्यातला एक वर्गणीचा हिशेब विचारायला. कवींचं न जमलं तर एखादी कविता वाचायची राहते. यांचं न जमलं तर कुणाच्या तरी बॅजवरचा आकडा वाढलेला असतो आणि विचारणारं कुणी नसतं.

आठवड्यानं आपाला स्कॅनसाठी पुन्हा बोलावलं. तिनं तोवर माझ्याकरवी घरून पथारीवरची लाल मिरची मागवून घेतली होती, दीड-दोन किलो, त्या दादासाठी. खिडकीवर विचारलं, तर त्याची ड्युटी पहाटेची, तो घरी गेलेला. नाव विचारलं तर आतून उत्तर आलं, ‘‘कोणता तंत्रज्ञ? तिघं आहेत.’’ आपा म्हणाली, ‘‘जो लांबून बोलतो तो.’’ आत कुणीतरी हसलं आणि म्हणालं, ‘‘ताई, लांबून तर आम्ही सगळेच बोलतो.’’ शेवटी तिनं मिरचीचे तीन वाटे करून दिले.