दगडू, दस्तगीर आणि अयान

शाळेचं जुनं जनरल रजिस्टर म्हणजे गावाचा इतिहासच. जन्मतारखा सोडून! शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून गुरुजींच्या कृपेने अर्धा गाव १ जूनलाच जन्मलेला असे. नावं मात्र खरी.

१९५०-६० च्या सुमाराची पानं उलटली की दस्तगीर, मेहबूब, मीरासाहेब, बंदेनवाज, रमजान, चाँद, गुलाब, दगडू भेटतात. मुलींत मालनबी, गुलाबबी, हुसेनबी, जैतूनबी. रमजानच्या महिन्यात जन्मला तो रमजान, इतका साधा हिशेब. दस्तगीर म्हणजे हात धरणारा. हा बगदादच्या अब्दुल कादिर जिलानींचा किताब, आणि मेहबूबसुद्धा त्यांच्याच ‘मेहबूबे सुबहानी’ या किताबातला. बार्शीचे शाहीर अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. मीरासाहेब मिरजेच्या दर्ग्यावरून, बंदेनवाज गुलबर्ग्याच्या. नाव ऐकलं की घरच्यांचा नवस कुठल्या चौकटीवर झाला ते कळायचं. आणि नवस काही आपल्यापुरता नव्हता. अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या नवसाने झाले म्हणून मालोजी भोसल्यांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते.

दगडूची गोष्ट वेगळी. पाठोपाठची मुलं दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे ढुंकून पाहू नये, म्हणून दगड म्हणायचं. शेजारच्या हिंदू घरातही दगडू, धोंडू, कचरू असत. मरणाची भीती सगळ्यांची एकच होती. लसी आल्या, १९७७ साली देवीच्या रोगातून देश मुक्त झाल्याचं जाहीर झालं, आणि आयांना पोराला दगड म्हणायची गरज उरली नाही. दगडू गेला याचं मला जराही दुःख नाही. गेला ते बरंच झालं.

दस्तगीरचं तसं नाही. त्याला आपण घालवलं. आधी सिनेमाने शबाना, मुमताज, परवीन, फिरोज आणले. मग बयानांतून सांगितलं जाऊ लागलं की पीराच्या नवसाची नावं नकोत, नबींची, सहाबांची, चांगल्या अर्थाची अरबी नावं ठेवा. चांगला अर्थ हवाच, कोण नाही म्हणेल? पण हात धरणारा हा अर्थ वाईट होता का? शहरात नोकरीला गेलेले कितीतरी दस्तगीर ‘डी. एम. शेख’ झाले, कारण नाव गावंढळ वाटू लागलं. मालन तर ‘आपल्यातलं’ नाव नाहीच, असं तिच्याच नाती म्हणतात.

आता अकीक्याच्या आधी बाप मोबाईलवर नाव शोधतो: अयान, इनाया, अलिझा. गंमत म्हणजे अयान, कबीर, झोया ही नावं दोन्हीकडे सापडतात. समीर तर कधीपासून दोघांचा: संस्कृतात वारा, अरबीत रात्री गप्पा मारणारा सोबती.

जुन्या नावांचा एक त्रास मात्र अजून जिवंत आहे. ‘बी’ हे मानाने लावायचं, बीबीचं छोटं रूप. दाखल्यावर जैतूनबी, रेशनकार्डावर जैतून, सातबाऱ्यावर जैतून बेगम. बाई एकच, पण वारसनोंदीच्या वेळी मुलांना प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं की या तिघी आमची एकच आई आहे. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांची कागदं आजच एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा.